सात दिवसांचं शिबीर आणि त्याआधीचे बेचाळीस दिवस

4 जानेवारीला आमच्या कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. राष्ट्रीय एकात्मता शिबीर, ओडिशा, 18 ते 24 फेब्रुवारी, वेगवेगळ्या राज्यांतले दोनशे स्वयंसेवक, आपल्या विद्यापीठातून पाच मुलं आणि पाच मुली. खाली सरांनी एवढंच लिहिलं होतं की इच्छुकांनी सोमवारपर्यंत नाव द्यावं. ग्रुपवर वीसेक जणांनी अंगठे टाकले आणि नाव कुणीच दिलं नाही. मीपण दोन दिवस नुसती ती पीडीएफ उघडून बघत होते. नेटवर शोधलं तर बॅनरसमोर उभं राहून काढलेले फोटो भरपूर मिळाले, पण जायचं तर नेमकं काय करायचं, कागद कुठले लागतात, पैसे किती जातात, घरी कसं सांगायचं हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने कॉलेजला जाणारी. तोपर्यंत माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सोलापूर आणि एकदा तुळजापूर. घरात माझ्याआधी कुणी मुलगी एकटी रात्रीच्या गाडीने कुठं गेलेली नाही.

सोमवारी शेवटच्या तासाला मी सरांना नाव दिलं. कॉलेजातली निवड 9 तारखेला झाली आणि ती सोपी होती कारण आम्ही फक्त सात जण होतो. पत्रात अट होती की सात दिवसांचं विशेष शिबीर एकदा तरी पूर्ण केलेलं असावं आणि असं राष्ट्रीय शिबीर आधी केलेलं नसावं. माझं दत्तक गावातलं शिबीर झालेलं होतं. इथं पहिली गोष्ट सांगते, एनएसएसची डायरी वेळच्या वेळी भरून ठेवा. वर्षाचे 120 तास आपण कसेही पूर्ण करतो, पण कुठल्या तारखेला काय केलं ते लिहून त्यावर कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची राहते. माझ्यासोबतच्या एका मुलाचं काम माझ्यापेक्षा जास्त होतं, पण डायरी कोरी होती, त्याला आदल्या रात्री बसून जुन्या तारखा आठवाव्या लागल्या. सरांनी आमच्यातले तिघं पुढं पाठवले.

विद्यापीठाची निवड 17 जानेवारीला, सोलापुरात. सकाळी दहाला हजर राहायचं म्हणून सहाच्या एसटीने निघाले. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन शंभरच्या आत भागलं. तिथं साठ-सत्तर पोरं आलेली, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काहींचे ट्रॅकसूट एकसारखे, आणि माझ्या पायात साधी चप्पल. आधी परेड घेतली. सावधान-विश्राम आणि दाहिने मूड, बाएँ मूड एवढं जमलं तरी पुरतं, पण ते आठ दिवस आधी कुणाकडून तरी शिकून घ्या. मग प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला आणि दोन मिनिटं काहीतरी सादर करायला. मी आजीची जात्यावरची ओवी म्हणली. मुलाखतीला तीन जण होते. एनएसएस कधी सुरू झालं विचारलं. 24 सप्टेंबर 1969, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष, 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी, हे पाठ होतं म्हणून धडाधड सांगितलं. मग एका मॅडमनी विचारलं, बॅजवरच्या चाकाला आठ आरे का? मी म्हणलं, कोणार्कच्या रथाचं चाक आहे, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. त्या म्हणल्या, आणि तू किती तास तयार असतेस? मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हणलं मॅडम, सकाळी सहा ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत, त्यानंतर आमच्या गावाला शेवटची एसटी आहे. तिघंही थांबून माझ्याकडे बघायला लागले आणि मग पुढचे सगळे प्रश्न त्या एसटीवरच विचारले, गावातल्या किती मुली कॉलेजला येतात, किती मुलींचं त्या गाडीमुळे कॉलेज सुटलं, तुम्ही डेपोला निवेदन दिलं का, कुणी दिलं, काय झालं. इंग्रजीत एक शब्द विचारला नाही. मला इंग्रजीचीच सगळ्यात जास्त धास्ती होती, म्हणून मुद्दाम लिहितेय.

त्यानंतर दहा दिवस काहीच नाही. यादी कधी लागणार हे फोन करून विचारलं तर "लागेल" एवढंच उत्तर. 27 तारखेला रात्री यादी आली, मुलींमध्ये माझं नाव चौथं. आणि त्याखाली ओळ, सर्व कागदपत्रं 2 फेब्रुवारीपर्यंत जमा करावीत.

म्हणजे हातात कामाचे चार-पाच दिवस. प्राचार्यांचं शिफारसपत्र, बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, बँक पासबुकाची झेरॉक्स (प्रवासाचे पैसे परत मिळतात त्यासाठी), सहा फोटो, सरकारी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि पालकांचं संमतीपत्र. फोटो आणि झेरॉक्स मिळून दीडशेच्या आत झालं. मेडिकलसाठी मी दुपारी गेले तर ओपीडी बंद झालेली, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला तेव्हा झालं, म्हणजे एक दिवस फुकट गेला. संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर लागतं असं कुणीतरी ठाम सांगितलं आणि एका मुलीने ते करूनही आणलं, प्रत्यक्षात साध्या कागदावर पालकांची सही आणि मोबाईल नंबर एवढंच हवं होतं. पैसे घालवायच्या आधी ज्यांच्याकडे कागद जमा करायचा त्यांनाच एकदा विचारा. अजून एक, माझ्या आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं आहे आणि पासबुकावर आडनाव आधी. जमा करून घेणाऱ्यांनी ते परत दिलं. बँकेत जाऊन दुरुस्ती करायची म्हणजे आठ दिवस, मग मी कॉलेजातून "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत" असं पत्र घेतलं आणि ते चाललं.

पण या सगळ्यात अवघड कागद संमतीपत्राचाच. आईला मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. आण्णांना, म्हणजे वडिलांना, यादी लागल्यावर सांगितलं. ते जेवत होते, हात थांबला. "काढणी तोंडावर आलीया आन् तू ओडिशाला निघालीस?" आमच्याकडे फेब्रुवारीत ज्वारीची काढणी. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, घरातलं प्रत्येक माणूस रानात लागतं. ते चिडून बोलले नाहीत, खरं तेच बोलले, आणि म्हणून मला जास्त त्रास झाला. नंतर विचारलं, याची काही परीक्षा हाय का, नोकरीला काही उपयोग हाय का. मी खोटं बोलले नाही, नाही म्हणलं. दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी फोन केला, सोबत मॅडम आहेत, मुलींची राहायची सोय वेगळी आहे, पोचल्यावर रोज फोन येईल, असं सगळं नीट सांगितलं. आण्णा नुसतं "बरं, बरं" म्हणत होते. मग मीच म्हणलं की आपलं वरचं रान आधी तयार होतंय, जायच्या आधी मी ते तुमच्याबरोबर काढून देते, शनिवार-रविवार धरून जेवढं होईल तेवढं. दुसऱ्या दिवशी रानात, बांधावर बसून, जेवणाच्या डब्याचं झाकण मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. सहीच्या एका कोपऱ्याला चटणीचं तेल लागलंय. तो कागद तसाच जमा केला.

ज्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही त्यांना मी एवढंच सांगेन, घरच्यांची अडचण काय आहे ते आधी पूर्ण ऐकून घ्या. माझ्या घरी प्रश्न मुलगी म्हणून कमी आणि दोन हात कमी पडणार म्हणून जास्त होता, आणि मी मात्र मुलगी म्हणून सोडत नाहीत असं धरून दोन दिवस रडत होते.

तिकिटं सोबतच्या मॅडमनी एकत्र काढली, कोणार्क एक्सप्रेस, सोलापूर ते भुवनेश्वर स्लीपर, एका बाजूचे सहाशेच्या घरात. आम्ही प्रत्येकी बाराशे रुपये आधी भरले. यादी उशिरा लागल्यामुळे जाताना पाच तिकिटं कन्फर्म आणि पाच आरएसी, म्हणजे एका बर्थवर दोघींनी पाय आखडून बसायचं. 13 आणि 14 तारखेला आईने आणि मी कडक भाकरी केल्या, चाळीस. तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या कडेला उभ्या करून अगदी पापडासारख्या वाळवायच्या, महिनाभर काही होत नाही. सोबत शेंगाची चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे. हे नेलं म्हणून वाचलो, पुढं सांगते. 15 तारखेला रात्री गाडीत बसलो. आण्णा सोडायला स्टेशनवर आले होते, गाडी हलल्यावर खिडकीबरोबर थोडं चालले आणि पाचशेची नोट आत दिली.

दुसरा अख्खा दिवस गाडीत. सिकंदराबाद, विजयवाडा, आणि दुपारनंतर राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल. नाशिकची गोदावरी मी टीव्हीवर बघितलेली, ही तीच नदी यावर विश्वास बसेना, पूल संपतच नव्हता. आम्ही दहाही जण दाराशी आणि खिडक्यांशी. तोवर आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो, त्या पुलावर पहिल्यांदा एकत्र ओरडलो. 17 ला उजाडायच्या आत भुवनेश्वर. स्टेशनवरच सकाळपर्यंत बसलो, मग कॉलेजची बस आली. शिबीर शहरापासून तासाभरावरच्या एका कॉलेजात होतं.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे रजिस्ट्रेशन, परत तेच सगळे कागद, परत दोन फोटो. (मूळ कागदांचा एक झेरॉक्स सेट सोबत ठेवा, आमच्या टीमच्या एका मुलाला तिथं नवीन गावात झेरॉक्सचं दुकान शोधत हिंडावं लागलं.) आणि लगेच राज्यं फोडली. मला वाटलेलं आम्ही पाच मुली एका खोलीत राहू, पण प्रत्येक खोलीत वेगवेगळ्या राज्यांच्या बारा जणी आणि प्रत्येक गटात वीस जण, गटांना नद्यांची नावं. माझा गट महानदी. त्या संध्याकाळी मला फार एकटं वाटलं. खोलीत बारा गाद्या, एकच सॉकेट, कुणी आसामी बोलतंय कुणी मल्याळम, आणि माझी हिंदी म्हणजे मराठीलाच "है" लावलेली. मी एक्स्टेन्शन बोर्ड नेला होता, तो काढून लावला आणि पाच मिनिटांत सगळ्या जणी माझ्या गादीपाशी चार्जर घेऊन जमल्या. अशी ओळख झाली. बाकी न्यायच्या वस्तूंमध्ये स्वतःचं ताट-वाटी-पेला, बेडशीट, टॉर्च, ओडोमॉस, कुलूप, सॅनिटरी पॅड आणि तापाच्या गोळ्या एवढं विसरू नका.

दिनक्रम सगळीकडे असतो तसाच. पाचला उठणं, योगा, झेंडा, लक्ष्यगीत, नाष्टा, श्रमदान, मग बौद्धिक, जेवण, गटचर्चा, खेळ, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि साडेदहाला दिवे बंद. जेवणात दोन्ही वेळा भात आणि डालमा, म्हणजे डाळीतच भोपळा, कच्ची केळी, वांगी घालून शिजवलेली. चवीला छान, पण ज्वारीवर वाढलेल्या पोटाला तिसऱ्या वेळेला भाकरीची आठवण येते. दुसऱ्या रात्री मी डबा उघडला. एका पंजाबच्या मुलीने कडक भाकरी हातात घेतली आणि वाजवून बघितली. चाळीस भाकरी तीन दिवसांत संपल्या, त्यातल्या मी चार खाल्ल्या असतील.

19 ला शिवजयंती. आमच्या टीमच्या मुलांनी पहाटे खुर्चीवर महाराजांचा फोटो ठेवला, हार तिथल्याच बागेतल्या जास्वंदीचा. रात्री आमचा कार्यक्रम, हलगी आणि लेझीम. आणि समुद्राकडची दमट हवा, हलगीचं कातडं पार ढिलं पडलं, वाजेचना. तापवल्याशिवाय हलगी बोलत नाही हे आम्हाला माहीत, पण तिथं विस्तव कुठला. मग मुलांनी स्वयंपाकघराच्या मागं जाऊन रद्दी पेटवली आणि जाळावर हलगी धरली, तर आग लागली समजून कॉलेजचे एक सर बादली घेऊन पळत आले. त्यांना हातवारे करून समजावलं, वाजवून दाखवलं. ते बादली खाली ठेवून तिथंच उभे राहिले आणि मग स्वतःच अजून पेपर घेऊन आले. त्या रात्री लेझीमला शेवटी पन्नास-साठ जण होते आणि लेझीम दहाच, बाकीचे हात रिकामेच हलवत होते.

नेतृत्वाची सत्रं रोज असायची. डोळ्याला पट्टी बांधून दोरीचा चौकोन करणं वगैरे खेळ होते, ते बऱ्याच ठिकाणी घेतात. मला जास्त उपयोगी पडलं ते समस्येचं झाड. मोठ्या कागदावर खोडात आपल्या गावाची एक अडचण लिहायची, मुळांत कारणं, फांद्यांवर परिणाम. मी पाणी लिहिलं, आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं किती वर्षं पाण्याची वाट बघतायत ते. माझ्या शेजारची आसामची मुलगी माजुलीची, ब्रह्मपुत्रेतल्या बेटावरची. तिनेपण पाणी लिहिलं. नदी दरवर्षी बेटाचा काठ खाते, तिच्या घरच्यांना घर दोनदा मागं सरकवावं लागलंय. आम्ही दोघींनी कागद शेजारी शेजारी लावले. माझ्या फांद्यांवर होतं, मुलींची शाळा सुटते, लोक कामाला बाहेर जातात. तिच्या फांद्यांवरही तेच. बराच वेळ आम्ही दोघी काही न बोलता ते वाचत होतो.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल. आमच्या गटात रोज एक लीडर, 20 तारखेला माझी पाळी, आणि नेमकी त्याच दिवशी महानदी गटाकडे संडास-बाथरूमची सफाई. सकाळी मी वीस जणांना गोल बसवलं आणि मराठी-हिंदीत विचारलं, कोण कोण करणार. मला वाटलं स्वतःहून हात वर आले की बरं. दोन मुलं म्हणली आम्ही झाडू मारतो, अंगण झाडतो, ते नको. एक जण म्हणला, आमच्या घरी असलं काम आम्ही करत नाही. बाकीचे खाली बघत बसले. मिनिटभर कुणी हललं नाही. मग माझ्याच खोलीतली, माझ्या उजव्या बाजूच्या गादीवरची मुलगी उठली, तिने ब्रश आणि फिनेल घेतलं आणि गेली. मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी तिला थँक्यू म्हणलं, तिच्यासोबत मी आणि अजून दोघी गेलो, काम वेळेत झालं आणि रात्रीच्या आढाव्यात आमच्या गटाला पूर्ण गुण मिळाले. सगळ्यांनी एनएसएस क्लॅप वाजवला. मला दिवस चांगला गेला असं वाटलं.

ती कुठल्या राज्याची ते लिहीत नाही. 22 तारखेला सगळ्यांना कोणार्कला नेलं, बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. निम्मा रस्ता झाल्यावर ती हळू म्हणाली, परवा तू थँक्यू का म्हणलीस? मला कळेना. मग ती बोलली. तिच्या कॉलेजात शिबीर असलं की सफाईच्या यादीत तिचं नाव न विचारता पहिलं असतं, कारण तिथं सगळ्यांना तिचं आडनाव वाचता येतं. तिने इतक्या लांबचं शिबीर मागून घेतलं होतं कारण इथल्या कुणाला त्या आडनावाचा अर्थ लागणार नव्हता. गळ्यातल्या ओळखपत्रावर पूर्ण नाव आहे आणि तरी कुणी काही ओळखत नाही, हे दोन दिवस तिला फार बरं वाटत होतं. आणि तिसऱ्या दिवशी कुणीच उठेना तेव्हा तिचे पाय आपोआप उठले. "तूने पूछा, और सब मेरी तरफ देख नहीं रहे थे, फिर भी मुझे लगा देख रहे हैं." एवढंच म्हणाली.

मी काय बोलणार होते. मी सॉरी म्हणलं, तर ती म्हणाली सॉरी नको, पुढच्या वेळी विचारू नकोस, वाटून दे. मग खिडकीबाहेर नारळ आणि काजूची झाडं जात राहिली आणि आम्ही गप्प.

कोणार्कला पोचल्यावर सगळे आधी चाकाकडे धावले. गेली दोन वर्षं छातीवर लावलेला बॅज, आणि समोर ते चाक माणसापेक्षा उंच, दगडाचं. अशी चोवीस चाकं आहेत. जवळून बघितल्यावर कळतं की जाड आरे आठ, आणि त्यांच्यामध्ये आठ बारीक आरे, ते आमच्या बॅजवर नाहीत. प्रत्येक जाड आऱ्यावर गोल नक्षी, त्यात कोरलेली माणसं. एक गाईड आऱ्याच्या सावलीवरून वेळ किती झाली ते दाखवत होता. मी आणि ती तिथं उभ्या राहिलो. मला मुलाखतीतला प्रश्न आठवला, तू किती तास तयार असतेस. सकाळी सहा ते साडेपाच हे खरं उत्तर होतं, पण त्या तासांत कुणाच्या वाट्याला काय काम येतं हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

तिथनं जवळच समुद्र. त्या किनाऱ्याचं नाव चंद्रभागा. आमच्यापासून पंढरपूर पंचवीस किलोमीटर, आमची चंद्रभागा म्हणजे भीमा, आणि इथं समुद्रालाच ते नाव. माघ सप्तमीला लोक इथं स्नानाला येतात, मोठा मेळा भरतो, तो थोडे दिवस आधीच होऊन गेला होता. मी पहिल्यांदा समुद्र बघत होते. आईला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली, "चंद्रभागा हाय म्हणतीस, मग डोक्याला पाणी लाव की गं." बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या मुलीनेपण माझं बघून लावलं.

त्या रात्री गटाच्या बैठकीत मी उद्याच्या लीडरला विनंती केली की कामं चिठ्ठ्या टाकून वाटूया. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणलं की माझ्या दिवशी मी चुकीच्या पद्धतीने काम वाटलं, ते मला दुरुस्त करायचंय. वीस चिठ्ठ्या झाल्या. "आमच्या घरी करत नाही" म्हणणाऱ्या मुलाला बाथरूम आलं. तो थोडा वेळ चिठ्ठी धरून बसला. मला स्वयंपाकघरातलं वाढणं आलेलं, मी त्याच्यासोबत जाऊ का विचारलं, तो नको म्हणाला आणि सकाळी गेला. नीट केलं त्याने. तिला आलं झेंड्याचं काम, दोरी बांधायची आणि फुलं भरायची.

24 ला समारोप, सर्टिफिकेट, रडारड, फोन नंबरांची देवाणघेवाण. 25 ला परतीची गाडी, यावेळी सगळी तिकिटं कन्फर्म. परतीच्या प्रवासात आम्ही जवळजवळ झोपूनच आलो. 27 ला घरी पोचले तर खालचं रानसुद्धा उपटून झालेलं, पेंढ्या बांधून ठेवलेल्या, शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या सुनेने माझ्या जागी तीन दिवस काम केलेलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या रानात गेले.

पैशांचं सांगायचं राहिलं. तिथं राहायला-जेवायला काही लागलं नाही. प्रवासाचे पैसे परत मिळतात पण तिकिटाची प्रत, हजेरीचं पत्र आणि सही केलेलं बिल लागतं. मी सगळं मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिलं, त्यातला एक कागद हरवला म्हणून दुसऱ्यांदा दिला, मे महिन्याच्या मध्यावर पैसे जमा झाले. म्हणजे कागद दिल्यानंतरही अडीच महिने बाराशे रुपये आपले अडकणार हे धरून चला, आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. वरखर्च माझा सगळा मिळून आठशेच्या आसपास, त्यात आण्णांचे पाचशे आणि खाजाचा एक डबा. कॉलेजातली हजेरी आपोआप लागत नाही, शिबिराच्या पत्राची प्रत प्रत्येक विषयाच्या सरांना नेऊन द्यावी लागते.

यंदा जानेवारीत आमच्या कॉलेजचं दत्तक गावात शिबीर झालं, त्यात मला मुलींची लीडर केलेलं. पहिल्याच संध्याकाळी चिठ्ठ्या केल्या. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, संडास, झेंडा, नोंदी. मुलांची नावं स्वयंपाकात आणि मुलींची नावं वनराई बंधाऱ्याच्या पोती भरण्यातपण टाकली, आणि सरांना विचारून सरांचंही नाव टाकलं. सरांना तिसऱ्या दिवशी भांडी आली. त्यांचा पाटावर बसून राखेने कढई घासतानाचा फोटो मी तिला पाठवला. तिने उलट आपल्या कॉलेजच्या शिबिराच्या कामवाटपाच्या तक्त्याचा फोटो पाठवला. अक्षर तिचंच होतं आणि सगळ्यात खाली, लीडरच्या रकान्यात, तिचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट.